मेंदीची बाटली आणि तीन नाकं

विमानतळावर सामान तपासायला बसलेल्या साहेबांनो, तुम्ही माझं पाणी फेकलंत. फेकायच्या आधी तुम्ही तिघांनी त्याचा वास घेतलात आणि तो कसा होता हे कुणालाही न सांगता बाटली टोपलीत टाकलीत. फेकलंत त्याबद्दल माझी तक्रार नाही. नियम आहे, मी वाचलाय. माझी तक्रार वासाची आहे.

तुम्ही म्हणाल, ही बाई कोण. मी रिझवाना, राहणार महाडजवळ. शाळा नववीत सुटली, पण अख्ख्या मोहल्ल्याचे अर्ज मीच लिहिते. माझ्या अर्जाने आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर बदलला, नळाला पाणी आलं, आणि एका साहेबांची बदली झाली. ती त्यांना हवी होती तिथेच झाली, पण तो भाग सोडा. सांगायचं एवढंच की हातात घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही. त्यामुळे मेंदीच्या मोहोराचं पाणी काढून मस्कतला नवऱ्याकडे पाठवणं हे माझ्या हिशेबी एका दुपारचं काम होतं. मी तसं शेजारच्या दीप्तीला बोलूनसुद्धा दाखवलं.

"एका दुपारी?" दीप्ती म्हणाली.

"चहाच्या आधी."

आमच्या घराला तिन्ही बाजूंनी मेंदीचं कुंपण आहे. लग्नाच्या वर्षी सईदने लावलेलं. माझं माहेर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या पायथ्याला. तिथल्या कुंपणाच्या काड्या त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने आणल्या. सासरी निघालेली नवरी खिडकीत रडतेय आणि नवरा मांडीवर काड्यांचं बाळ घेऊन बसलाय, असा आमचा थाट होता. सगळ्या काड्या जगल्या. मेंदी म्हटलं की लोकांना पानं आठवतात, लग्नातले लाल हात आठवतात. तिचा मोहोर कुणी बघत नाही. बारीक, मळक्या पांढऱ्या फुलांचे तुरे, दिसायला अगदी गरीब. पण संध्याकाळी वारा पडला की त्यांचा वास दारात येऊन उभा राहायचा. सईद ओट्यावर बसायचा, चहा गार व्हायचा आणि तो म्हणायचा, "थांब गो, वास जाऊ दे, मग पितो."

तो आता मस्कतला एसी दुरुस्त करतो. शेवटचा आला त्याला अडीच वर्षं झाली. यंदाची सुट्टी ठरली होती, ती दोनदा पुढे गेली. पावसाळा सरला की फोनवर त्याचा पहिला प्रश्न असतो, "मोहोर आला काय?"

"आला."

"वास कसा येतोय?"

"येतोय तसाच. दारापर्यंत."

साहेबांनो, हे मी खोटं बोलते. चार वर्षं बोलतेय. कोरोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. सगळ्यांचं आलं. माझं तुमच्या खात्याच्या उत्तरासारखं वाटेतच राहिलं. तेव्हा सईद तिकडे अडकलेला, रोज फोनवर रडायचा. मी म्हटलं, सगळं बरं झालं. एकदा म्हटलं ते म्हटलं.

त्याच वर्षी पूर आला. पाणी उतरल्यावर सगळं महाड नाकाला फडकं बांधून घरातला चिखल काढत होतं आणि मी एकटी उघड्या नाकाने. गल्लीत जे मेलेलं, कुजलेलं सापडेल ते मी उचलायचे. लोक म्हणाले, काय जिगरबाज बाई हाय. तेव्हापासून माझं नाव झालं. जिगर कसली, मला काही येतच नव्हतं.

तर यंदा सुट्टी दुसऱ्यांदा पुढे गेली त्या दिवशी सईद फोनवर म्हणाला, "फोनमधून सगळं येतं बघ. तुझं तोंड येतं, कोंबडा आरवतो ते येतं. वास तेवढा येत नाय."

मी म्हटलं, "येईल. शहबाज शुक्रवारी निघालाय."

शहबाज म्हणजे मागच्या गल्लीतल्या आसियाचाचीचा मुलगा. पंचेचाळिशीचा आहे, तिकडे क्रेन चालवतो. आमच्याकडे रीत अशी की एक माणूस आखाताला निघाला की त्याची बॅग त्याची राहत नाही. कुणाचं लोणचं, कुणाचे पापड, कुणाच्या मुलाची औषधं. निघणारा स्वतःचे दोन शर्ट हातात घेऊन जागा शोधत फिरतो. त्यात माझी एक बाटली.

कृती मी मोबाइलवर बघितली. प्रेशर कुकरमध्ये फुलं आणि पाणी घालायचं. शिट्टी काढून तिथे नळी बसवायची. नळी गार पाण्याच्या बादलीतून न्यायची, म्हणजे वाफेचं पाणी होऊन दुसऱ्या टोकाला ठिबकतं. सईदच्या जुन्या पेटीत एसीच्या तांब्याच्या नळीचं भेंडोळं होतंच. जोडावर कणीक थापली. पहिल्या वाफेला कणकेचा गोळा सुटला तो थेट भिंतीवरच्या कॅलेंडरला, रविवारावर. दुसऱ्यांदा घट्ट थापली. संध्याकाळपर्यंत अर्धा लिटर पाणी जमलं. चहा राहिला तो राहिलाच.

आता बाटली. घरात घट्ट झाकणाची एकच होती, मक्केतल्या पवित्र झमझमच्या पाण्याची. माझी नणंद उमऱ्याच्या यात्रेहून आली तेव्हा दिलेली, कधीच रिकामी झालेली. मक्केहून येते म्हणून तिचं झाकण असं बनवलेलं असतं की विमान उलटं झालं तरी थेंब सांडणार नाही. मी तिच्यात मेंदीचं पाणी भरलं आणि मंगळवारी सकाळी शहबाजच्या घरी गेले. दार उघडं, पंखा चालू, माणूस कुणी नाही. बाटली टेबलावर ठेवली आणि आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर नाव, गाव, विषय, संदर्भ लिहिणारी मी, त्या बाटलीवर चार अक्षरांची चिठ्ठी लावली नाही.

दुपारी शहबाजला सांगायला पुन्हा गेले तर घरात सहा बायका उभ्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, तोंडं पश्चिमेला, हातात चहाच्या छोट्या पेल्या. आसियाचाचीने मला बघताच एक पेली माझ्याही हातात दिली.

"घे गो, नशीबवान हायेस. वेळेवर आलीस. उभी राहून पी, तीन घोटात. दुवा माग."

टेबलावर माझी बाटली. तळाला चार बोटं पाणी.

झमझम हातात दिल्यावर सहा बायकांसमोर नको म्हणायची सोय नसते. मी पिऊन टाकलं. मला काय, पाण्यासारखं पाणी.

"चाची, ही बाटली आली कुठून?"

"कुणीतरी उमऱ्याहून आलं असेल. नाव न सांगता ठेवून गेलं. केवढं मोठं मन बघ."

"चव कशी वाटली?"

चाचीने बाकीच्यांकडे बघितलं. बाकीच्यांनी जमिनीकडे.

"पाणी मुबारकच हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ज्याने आणलं ना गो, त्याने ते वाटेत सोड्यांच्या पिशवीत ठेवलं असणार."

सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. सोड्यांचा पुलाव सईदच्या जिवाचा. सईद गेल्यापासून तो एकटीसाठी करायचा म्हणून मी छोट्या कुकरमध्ये लावते. त्याच कुकरमध्ये. झाकणाचं काळं रबर अडीच वर्षं त्या वाफेवर मुरलंय. ज्याला नाक आहे त्याला हे कुकर उघडताच कळलं असतं. मला पेली हातात धरून कळलं.

दुसरी कुणी असती तर गप बसली असती. मी म्हटलं, "चाची, ते झमझम नाय. ती माझी मेंदी हाय. सईदसाठी काढलेली."

 एकीने पेली हळूच खाली ठेवली. चाचीने आपल्या पेलीत वाकून बघितलं.

"मेंदी पोटात गेली तर काय होतं गो?"

"काय नाय होत. मी पण प्यायले की."

"आतून लाल होत असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप गो. रिझवाना, मी गुडघ्यासाठी दुवा मागितलीवती. ती आता कुठे गेली?"

"पोचली असेल चाची. दुवेला बाटली लागत नाय."

"आणि सईदच्या सुट्टीची पण मागितलीवती," चाची म्हणाली.

मी पेली टेबलावर ठेवली. तेवढ्यात शहबाज आतून अंग पुसत आला, त्याने बाटली बघितली, सहा बायका बघितल्या, आणि विचारलं, "हे पण न्यायचंय काय मला?"

मंगळवार संपला होता. शुक्रवारी पहाटे त्याची गाडी. माझ्या कुंपणावर एक तुरा शिल्लक नव्हता, सगळे मी ओरबाडलेले. दीप्तीच्या बाजूला डोकावून बघितलं, तिथे तिच्या सासऱ्यांनी परवाच कात्री फिरवलेली. मेंदी अशी भादरलेली की जणू पोलीस भरतीला चाललीये.

बुधवारी मी एसटी पकडून माहेरी गेले. आंबेनळीच्या पायथ्याला मोहोर उशिरा येतो आणि उशिरापर्यंत टिकतो. ज्या कुंपणाच्या काड्या सईदने मांडीवर आणल्या, तेच कुंपण अजून उभं आहे, आता माझ्या डोक्याच्या वर. दोन उशांचे अभ्रे तुऱ्यांनी गच्च भरले. परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. पोलादपूर सुटलं तशी पुढच्या सीटवरची बाई वळली.

"गो, अत्तर कुठलं लावलंस?"

"अत्तर नाय. मेंदीचा मोहोर."

"सरक की जरा," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग मागचा एक म्हातारा उठून दांड्याला धरून उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून. कंडक्टर तिकीट देऊन झालं तरी हलेना. "माझी आय लावायची परसात," तो म्हणाला. "पाट्यावर वाटताना गाणी म्हणायची." कुठली ते त्याला आठवेना. अख्खी एसटी वास घेत होती. कुणी डोळे मिटले होते, कुणी खिडक्या लावून घेतल्या, वास बाहेर जाऊ नये म्हणून. दोन्ही अभ्रे माझ्या मांडीवर. मी त्यात तोंड खुपसलं, आत हात घालून फुलं चुरडली, पुन्हा तोंड खुपसलं. काही नाही. ओल्या कापडाचा गारवा तेवढा नाकाला लागला.

"बाई रडते काय?" म्हाताऱ्याने कंडक्टरला विचारलं.

"परागकण," मी म्हटलं. हा शब्द नववीचा.

गुरुवारी नवं रबर आणलं. कुकर चिंचेने घासला, लिंबाने घासला, राखेने घासला, तेव्हा कुठे त्याचा मूळ चेहरा दिसला. नळी तीनदा उकळली. तरी खात्री कुणी द्यायची? नाकाचं काम मी दीप्तीला दिलं. माझं नाक गेलंय हे तिला एकटीलाच माहीत आहे. ती शेवटच्या थेंबापर्यंत माझ्याजवळ ओट्यावर बसली. पाणी ठिबकून बाटली भरली. गुलाबपाण्याची, दोनशे मिलीची, स्वच्छ धुतलेली. चिठ्ठी लावली: मेंदीचं पाणी, पिऊ नये, सईद यांस.

"घे वास," मी म्हटलं.

तिने घेतला. "छान."

"छान म्हणजे कसा?"

"छान गो. छान येतोय."

साहेबांनो, दीप्ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. पोराने 'अ' उलटा काढला तरी ती वहीवर 'छान' लिहिते. माझ्या पहिल्या पोळीला, माझ्या नव्या चष्म्याला आणि पुरात वाहून गेलेल्या माझ्या न्हाणीघराच्या जागी बांधलेल्या वाकड्या भिंतीलाही ती छानच म्हणाली होती.

"सोड्यांचा येतोय काय?"

तिने पुन्हा नाक लावलं. जरा जास्त वेळ लावलं. "नाय वाटत."

तेवढ्यात तिची मांजरी कुंपणातून आली, बाटलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शेजारी अंग पसरून बसली.

"ही का आली?"

"ती सगळीकडेच येते," दीप्ती म्हणाली.

मला आणखी एक दिवस हवा होता. तो नव्हता. बाटली गळू नये म्हणून मी अंगावरची ओढणी काढून तिच्याभोवती गुंडाळली. तीन दिवस चुलीपुढे, एसटीत, ओट्यावर अंगावर असलेली तीच. धुतलेली काढायला उठले असते तर शहबाज निघून गेला असता, तो रात्रीच बॅग बंद करायची म्हणून दारात उभा राहून चपला वाजवत होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी पेपरात वाचणाऱ्यांसाठी सांगते. शहबाजने महाडला किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग तोलली होती, ती बरोबर भरली. विमानतळाच्या काट्यावर ती जास्त भरली. आता काहीतरी बाहेर काढायचं. लोणच्याला कुणाची आई, पापडांना कुणाची सासू. त्याने माझी बाटली काढून हातातल्या पिशवीत टाकली. "पाणीच तर होतं," तो नंतर म्हणाला. त्याचं काय करायचं ते मी बघेन.

तुमच्या यंत्रात ती दिसली. तुमच्यातल्या एकाने विचारलं, "ये क्या है?"

"मेंदी का पानी."

"थोडा पी के दिखाओ."

इथे शहबाजने साधा एक घोट घेतला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याला मंगळवार आठवला, सहा बायका आठवल्या, आईने दोन दिवस आरशात जीभ काढून बघितलेली आठवली. तो म्हणाला, "नाय."

"क्यों नहीं?"

"लिखा है, पिऊ नये."

मग तुम्ही बाजूला घेतलंत त्याला. पहिल्या साहेबांनी झाकण उघडून वास घेतला आणि, शहबाज शपथेवर सांगतो, डोळे मिटले. दुसऱ्यांनी घेतला आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी एकदा घेतला, बाटली खाली ठेवली, आणि ती टोपलीत जायच्या आधी पुन्हा उचलून आणखी एकदा घेतला. मग, "शंभर के ऊपर अलाउड नहीं है." ओढणी त्यांनी परत दिली. बाटली थोडी गळली होती, ओढणी ओली होती.

तीच सईदला मिळाली.

त्याने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो त्यांच्या खोलीत खालच्या खाटेवर बसला होता.  ओढणी तोंडावर धरली आणि तशीच धरून राहिला. मला नुसती माझीच ओढणी दिसत होती आणि वर त्याचं कपाळ. त्याचे पुढचे केस पांढरे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"अहो, नेट गेलं काय?"

"हाय," ओढणीच्या आतून आवाज आला.

"कसा येतोय?"

 "घराचा येतोय."

"घराचा म्हणजे? मेंदीचा?"

"घराचा गो."

"पण म्हणजे कसला, सांगा की नीट. सोड्यांचा तर नाय ना?"

त्याने ओढणी जरा खाली केली. डोळे लाल. "म्हणजे? भरताना तुला नाय आला?"

मी फोन कापला. मग संदेश पाठवला, नेट गेलं. पुराच्या चिखलाला न घाबरलेली बाई मी, अधिकाऱ्यांच्या तोंडावर अर्ज आपटणारी. एवढं एक वाक्य माझ्याने चार वर्षांत बोलवलेलं नाही. आता हे छापून आलं तर तो वाचेलच. वाचू दे.

पण माझा प्रश्न त्याला विचारून सुटणार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला अडीच वर्षांची भूक आहे. त्याला काहीही घराचं वाटेल. शहबाजला मी विचारलं, त्याला जन्मापासून सर्दी. दीप्तीचं तर सांगितलंच. मांजरी बोलत नाही. ज्यांचा माझ्याशी, सईदशी, मेंदीशी काही संबंध नाही आणि तरी ज्यांनी तो वास घेतलाय, अशी या जगात तीनच नाकं आहेत, आणि ती तुमच्या खात्याची आहेत.

तेव्हा विषय: बाटलीतल्या वासाबाबत खुलासा मिळणेबाबत. पहिल्या साहेबांनी डोळे मिटले ते कशाने? दुसऱ्यांनी तोंड फिरवलं ते वासामुळे की घड्याळ बघायला? आणि बाई, मुख्य तुम्हाला विचारते. काम संपलं होतं, झाकण लागलं होतं, रांग खोळंबली होती. तुम्ही दुसऱ्यांदा बाटली का उचललीत? कुंपणाला पुन्हा पालवी आलीय. पुढच्या मोहोराला मी त्याला काय सांगू, तेवढं मला कळायला हवं.

वास कसा होता? उत्तर लेखी द्यावं. नुसतं 'छान' लिहून पाठवलंत तर ते उत्तर धरलं जाणार नाही.